अर्धा गोळा

आमच्या शेजारणीने ओळख करून घ्यायला म्हणून पहिल्यांदा जे आणलं, ते माझ्या सासूबाईंच्या मते पिंड होते.

दोन हजार आठ-नऊच्या आसपासची गोष्ट. कॅनडात कोक्विटलामला एका टाउनहाउसमध्ये आम्ही नुकतेच राहायला गेलो होतो. घरांची लांबलचक रांग, दोन घरांत मिळून एक भिंत आणि मागे हातभर पॅटिओ. सासूबाई वर्ध्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सामान खोक्यांतच होतं आणि माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, त्यात बेल वाजली. दारात पन्नाशीची, सावळी, भक्कम बांध्याची एक बाई. तिच्या हातात ताटली, ताटलीत पांढऱ्या भाताचे मुठीत दाबून वळलेले गोळे, आणि गोळ्यांवर काळे तीळ.

मी हसून ताटली घेतली. दार लागेपर्यंत सासूबाई गप्प राहिल्या, एवढे उपकार त्यांनी माझ्यावर केले.

"बाप्पा! घरात नको आणूस ते. जिवंत माणसांच्या दारात कोणी पिंड आणून देतं का?"

"आई, खायचं असतं हो ते. त्यांच्याकडे करत असतील तसं."

"कोणाच्या नावाने करतात, ते विचारलंस का?"

मी खोकी उघडायला गेले तेवढ्यात त्यांनी ताटली उचलून पॅटिओच्या कठड्यावर नेऊन ठेवली. आमच्या भागात कावळ्यांना तोटा नाही. रोज संध्याकाळी ते शेकड्यांनी डोक्यावरून पश्चिमेला झोपायला जातात, आणि जाताना आभाळ काळं करून जातात. ताटली बघता बघता साफ झाली. सासूबाई काचेआडून बघत होत्या.

"शिवला लगेच," त्या म्हणाल्या. "ज्याचं होतं त्याला पोचलं."

मला त्यांचा संताप आला, आणि का कोण जाणे, अंगावर काटाही आला.

ताटली रिकामी परत करायची नाही, एवढी रीत मी कॅनडातही सोडलेली नाही. चिवडा भरून दुसऱ्या दिवशी शेजारी गेले. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, त्यामुळे चहा व्हायच्या आत मी तिला पिंडांची सगळी हकीकत सांगून मोकळी झाले. मला वाटलं ती हसेल किंवा चिडेल. तिने फक्त कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे तिची आई बसली होती, पांढऱ्या केसांची, बारीक, पाठ ताठ.

"तुझ्या सासूबाई फार चुकल्या नाहीत," ती इंग्रजीत म्हणाली आणि विषय बदलला.

त्या मायलेकी पलाऊच्या. हे नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. घरी येऊन नकाशा काढला तर अथांग निळ्या पॅसिफिकमध्ये माशी बसावी तेवढा ठिपका. मुलगी तरुणपणी एका कॅनडियन माणसाशी लग्न करून इकडे आली, पुढे नवरा गेला, आणि तिकडे आईला बघणारं कोणी उरलं नाही तेव्हा तिने आईला आणलं. एका हॉस्पिटलमध्ये ती नर्स होती. पलाऊवर एके काळी तीस वर्षं जपानचं राज्य होतं, हे तिने मला सांगितलं. लढाई हरून ते गेले, पण गेले म्हणजे काय? तिच्या बोलण्यात फोनला देन्वा, डब्याला बेन्तो, ठीक आहे म्हणायचं तर दैजोबु. बीअर प्यायला बसण्याला त्यांच्याकडे जो शब्द आहे तोही जपानीच, म्हणजे थकवा घालवणं. आतल्या कपड्याचं नावसुद्धा त्यांनीच देऊन ठेवलेलं, हे सांगताना ती खो खो हसली. मीही तिला आमचे पगार, बटाटा नि चावी पोर्तुगीजांचे, ते सांगितलं. शब्दांपुरतं सगळं हसण्यावारी नेता येत होतं.

आईचं तसं नव्हतं. आई शाळेत शिकली होती ती जपान्यांच्या. पोरं आपली भाषा बोलली की उन्हात उभं करायचे, अशी ती शाळा. लढाईनंतर म्हातारीने जपानी तोंडातून काढली नाही. लेक सांगायची, आमच्याकडे तिच्या वयाच्या बायका एकत्र बसून जपानी गाणी म्हणायच्या, जपानी फुलांचे पत्ते आपटत खेळायच्या, आणि माझी आई उठून निघून जायची. आता विसरण्याचा आजार लागला आणि गेल्या पाच-सहा वर्षांतलं, मग तीस वर्षांतलं, असं एकेक गळत जाऊन खाली जे उरलं ते म्हणजे ती शाळा.

सकाळी मी कॉफी घेऊन मागच्या दारी उभी राहायचे तेव्हा ती मला दिसायची. त्यांच्या पॅटिओवर, पाय जुळवून, हात मांड्यांना चिकटवून. मग कमरेतून खोल वाकायची आणि वाकलेलीच राहायची. सासूबाईंनी आधी त्याला सूर्यनमस्कार ठरवलं. पण सूर्य उजवीकडे आणि म्हातारीचं तोंड भलतीकडेच.

"उत्तरेला कशाला गं वाकते ही?" त्यांनी विचारलं.

मी शेजारणीला विचारलं. शाळेत रोज सकाळी राजधानीकडे तोंड करून बादशहाच्या महालाला वाकायला लावायचे, ती म्हणाली. पलाऊहून तो महाल उत्तरेला. कोक्विटलामच्या उत्तरेला डोंगर आहेत, त्यांच्या माथ्यावर मे महिन्यातही बर्फ असतो आणि त्यांच्यामागे मैलोन् मैल कोणीही राहत नाही. म्हातारी रोज सकाळी त्या डोंगरांना वाकायची. ज्याच्यासाठी वाकायला शिकवलं तो कधीच मरून गेला होता, शिकवणारे मेले होते, आणि ही बाई अजून पाठ सरळ करायची परवानगी मिळण्याची वाट बघत होती. मी कॉफी घेऊन समोरच्या दारी उभी राहू लागले.

जूनमध्ये म्हातारीने जेवण सोडलं.

सोडलं म्हणणंही खरं नाही. ताट पुढे ठेवलं की ती बसायची, हात गुडघ्यांवर, डोळे समोर, आणि बसूनच राहायची. अन्न गार व्हायचं. लेक भरवायला गेली तर तोंड घट्ट मिटायची आणि डोळ्यांत अशी भीती यायची की लेकीचा हात मागे यायचा. लेकीला ती ओळखत नव्हतीच. तिला ती सेन्सेई म्हणायची, म्हणजे बाई, शाळेतल्या. वजन उतरायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर तिला केअर होममध्ये ठेवावं लागेल. हे ऐकून शेजारीण आमच्या किचनमध्ये येऊन रडली. दुसऱ्यांच्या आया ती रोज तशा ठिकाणी पाठवत होती आणि पुढे काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. जपानीतून घाबरणाऱ्या माणसाला तिथे कोण समजून घेणार?

"तिच्या आईला काय झालं म्हणते?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी भाजीची सुरी खाली ठेवली. "चल, बघू दे मला."

माझ्या सासूबाईंनी अख्खा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी सांभाळली. इंग्रजी म्हणजे थँक्यू आणि सॉरी. दारातूनच त्यांनी म्हातारीला पाहिलं आणि लगेच मला म्हणाल्या, "अगं, ही परवानगीची वाट बघतेय. डबे उघडा म्हणायचंय कोणीतरी."

त्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पदर खोचला. निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली बाई माझ्या डोळ्यांदेखत ताठ झाली.

"हं! हात जोडा."

मराठीत. त्यांनी स्वतः हात जोडले. म्हातारीचे हात गुडघ्यांवरून उठले आणि तिनेही जोडले.

"करा सुरुवात."

"हाइ, सेन्सेई," म्हातारी म्हणाली, होय बाई म्हणणाऱ्या शाळेतल्या पोरीच्या आवाजात. आणि जेवायला लागली.

शेजारीण तोंडावर हात दाबून उभी होती. मला हसू फुटत होतं. म्हातारीने मासा संपवला, भाताच्या गोळ्याचे दोन भाग केले, एक खाल्ला. मग सासूबाईंची पाठ वळायची वाट पाहिली, दुसरा भाग रुमालात गुंडाळला आणि पटकन स्वेटरखाली सारला.

"हे असं रोज," शेजारीण हळू म्हणाली. "उशीखाली सापडतो, बुटांत सापडतो. तुझ्या सासूबाईंना सांग ना, तो तिच्या धाकट्या भावाचा आहे. लढाईच्या शेवटी सगळे जंगलात पळाले होते, खायला काही नव्हतं. तेव्हा ती आपल्यातलं अर्धं त्याला राखून ठेवायची. तो वाचला नाही."

मी मराठीत सांगितलं. सासूबाई म्हातारीच्या स्वेटरकडे बघून म्हणाल्या, "मग मी काय चुकीचं म्हटलं होतं त्या दिवशी?"

तेव्हापासून त्यांचा नेम झाला. दुपारचं जेवण झालं की साडी ठीक करून शेजारी निघायच्या. वर्ग आहे माझा, म्हणायच्या. उन्हाळाभर म्हातारी जेवली, वजन सावरलं, डॉक्टरांनी केअर होमचा विषय बाजूला ठेवला. शेजारीण सासूबाईंसाठी कोरियन दुकानातून आंबे आणायची. त्या दोघी एकमेकींशी कशा बोलायच्या देव जाणे, पण एकमेकींचं सगळं त्यांना माहीत होतं. मला मधे दुभाषी म्हणून घेतलं की उलट गोंधळ वाढायचा.

पण सासूबाई परत आल्या की पूर्वीसारख्या बडबडत नसत. एकदा संध्याकाळी कावळ्यांची रांग डोक्यावरून चालली होती, आणि त्या पॅटिओवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. अचानक मला म्हणाल्या, "तिचे डोळे बघितलेस, मी सुरुवात करा म्हणते तेव्हा? ती खूश नसते गं. घाबरून जेवते ती."

"जेवते ना पण, आई."

"जेवते." मग म्हणाल्या, "माझ्या वर्गातली पोरं अशीच बघायची का माझ्याकडे? मला तर वाटायचं, गुणी आहेत."

शेवटचा कावळा जाईपर्यंत आम्ही बसून राहिलो.

ऑक्टोबरमध्ये त्यांचं परतीचं तिकीट होतं. व्हिसा संपत आला होता आणि थंडीने त्यांचे गुडघे धरले होते. निघायच्या आठवड्यात त्यांनी शेजारणीला बोलावून घेतलं आणि मला समोर बसवलं. "सांग हिला. आता हिने उभं राहायचं. मी शिकवते. आवाज चढवायचा नाही, पण शेवटी उतरू पण द्यायचा नाही. केस वर बांध म्हणावं, मोकळे नको."

मी सांगितलं. शेजारणीचा चेहरा दगडासारखा झाला.

"नाही," ती म्हणाली. "आय ॲम हर डॉटर. त्या लोकांनी माझ्या आईला उन्हात उभं केलं. साठ वर्षं तिने त्यांचा एक शब्द उच्चारला नाही, आणि मी तिच्यासमोर त्यांची होऊन उभी राहू? मी रोज वाट बघते की एक दिवस ती माझ्याकडे बघून मला हाक मारेल. तिच्यासाठी मी सेन्सेई झाले की ते दारही बंद."

हे मी सासूबाईंना शब्दाला शब्द सांगितलं. मला वाटलं त्या ऐकून घेतील. त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि मराठीतच, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाल्या, "आधी बाई हो. तिचं पोट भर. मुलगी मग हो."

मी भाषांतर केलं. शेजारीण हात सोडवून घरी गेली आणि सासूबाईंना निरोप द्यायलाही आली नाही.

सासूबाई गेल्या, पाऊस सुरू झाला, आणि म्हातारी पुन्हा ताटासमोर नुसती बसू लागली. तिसऱ्या दिवशी शेजारणीने मला बोलावलं. मी वर्क फ्रॉम होम करत होते, लॅपटॉप बंद करून गेले. सासूबाईंसारखीच उभी राहिले, हात जोडा म्हटलं, सुरुवात करा म्हटलं. म्हातारीने माझ्याकडे दयेने पाहिलं. मग सोफ्यावर थोडी सरकली, शेजारची जागा थोपटली आणि डोळ्यांनी खुणावलं, बस लवकर, बाई येतील. मी बसले. तिने माझे हात उचलून माझ्या गुडघ्यांवर ठेवले. आम्ही दोघी समोर बघत बसलो, आणि खरं सांगते, थोड्या वेळाने मलाही वाटायला लागलं की कोणीतरी येणार आहे. पॅसेजमधल्या पावलांचा कानोसा घ्यायला लागले मी.

पावलं आली ती शेजारणीची. तिने केस वर घट्ट बांधले होते. डोळे सुजलेले होते, पण पाठ सरळ होती. ती टेबलासमोर उभी राहिली आणि तिने हात जोडले.

"इतादाकिमासु," ती म्हणाली. जेवणाआधी म्हणायचा त्यांचा शब्द. आवाज चढला नाही, शेवटी उतरलाही नाही.

"हाइ, सेन्सेई."

म्हातारी जेवली. सगळं जेवली. भाताच्या गोळ्याचे दोन भाग केले, एक खाल्ला, दुसरा हातात धरला. पण या वेळी लपवला नाही. लेकीकडे बघितलं, मग दाराकडे बघितलं, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि अगदी खालच्या आवाजात काहीतरी बोलली. ते जपानी नव्हतं, एवढं मलाही कळलं. बोलून झाल्यावर ती उठून उभी राहिली, तिने मान खाली घातली आणि खांदे आवळून घेतले, आता उन्हात उभं करतील म्हणून.

शेजारणीचा रंग उडाला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"आमच्या भाषेत बोलली." ती आईकडे बघत होती. "म्हणते, बाई, हा अर्धा घरी नेऊ का? माझी मुलगी वाट बघत असेल."

"भाऊ म्हणाली असेल."

"मुलगी म्हणाली. नाव घेतलं तिने. माझं."

म्हातारी मान खाली घालून उभी होती. परवानगी मिळेपर्यंत ती तशीच उभी राहणार होती, ते आम्हा दोघींनाही कळत होतं. शेजारणीने ओठ चावला. मग सासूबाईंनी सांगितला होता तसाच आवाज काढून, आपल्या भाषेत, ती दोन-तीन शब्द बोलली. म्हातारीने झटकन वर बघितलं. बाईंनी आपल्या भाषेत उत्तर दिलं, याचं तिला नवल वाटलं असावं. ती खोल वाकली, गोळा रुमालात बांधला आणि पुढच्या दाराकडे चालायला लागली. घरी जायला.

त्यानंतर शेजारणीने जे केलं ते मला आजही डोळ्यांपुढे दिसतं. ती पॅटिओच्या दारातून बाहेर पळाली. तशा पावसात, घरातल्या सपातांवर, घरांच्या रांगेला वळसा घालून. पळतानाच तिने केसांचा बांधलेला अंबाडा ओढून सोडला. मी म्हातारीच्या मागे पॅसेजमध्ये आले. म्हातारी दाराच्या कडीशी खुडबुड करत होती. मी पुढे होऊन कडी काढून दिली.

पायरीवर तिची मुलगी उभी होती. धापा टाकत, ओले केस चेहऱ्यावर चिकटलेले.

म्हातारीने तिला बघितलं. ओळखलं की नाही, याची पैज मी लावणार नाही. पण तिने रुमाल सोडला, गोळा लेकीच्या हातात ठेवला, आणि तिच्या हाताची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवून काहीतरी म्हणाली. खा लवकर, कोणी बघायच्या आत, असं ते होतं हे मला नंतर कळलं. शेजारीण पावसात उभ्या उभ्या तो भात खायला लागली. तीळ तिच्या हनुवटीला चिकटले होते, ते म्हातारीने बोटाने पुसले.

म्हातारी फेब्रुवारीपर्यंत होती, स्वतःच्या घरात. तोवर रोज दुपारी मी किचनच्या खिडकीतून शेजारणीला मागच्या दाराने निघून घराला वळसा घालताना बघायचे, बर्फ पडला तेव्हा बूट घालून. सकाळी म्हातारी डोंगरांना वाकायचीच. ते तिने शेवटपर्यंत सोडलं नाही.

शेजारणीने पावसात तो भात खाल्ला त्या दिवशी संध्याकाळीच मी वर्ध्याला फोन लावला होता. सासूबाई चहा ठेवत होत्या. मी सगळं सांगितलं, बाई कशी झाली, मुलगी कशी झाली.

मग त्यांनी विचारलं, "सगळा खाल्ला ना?"

"हो, आई. ताट स्वच्छ केलं म्हातारीने."

"म्हातारीचं नाही विचारत गं," त्या म्हणाल्या. "पोरीने खाल्ला ना सगळा?"